लिंबातल्या सुया

दादा रे,

तुह्या फोटोपुढं मेणबत्ती लावली अन् लिहायले बसली, कारण आज आपला काका आला होता. हो, तोच! वैनगंगेत डोंगा उलटला, दोघं बुडाले, हा बांबूले धरून वाचला. तवापासून त्याले झोप नाई. भांड्यात पाणी ओतलं तरी दचकते. म्हणते, "शेवंता, मलेही त्या सुया टोच ना, बाई."

आधी मले हसू आलं, दादा. मग अंगाची नुसती आग झाली!

आठवते तुले? एटापल्लीच्या जंगलात कटाई चालू असताना सागवान तुह्या जोडीदारावर पडलं, तुह्या डोळ्यांदेखत. मग काहीही कडकन मोडलं की तू पळत सुटे. चुलीसाठी काडी मोडायची चोरी झाली होती घरात. गोळ्यांनी तू नुसता झिंगायचा. शेवटी वडशाच्या डॉक्टरनं अ‍ॅक्युपंक्चरच्या उकळलेल्या बारीक सुया तुह्या कानांच्या पाळ्यांत टोचल्या, अन् तू भरदुपारी बाजेवर तोंड उघडं टाकून घोरला! आई दारात उभी राहून रडत होती.

डॉक्टरले दर आठवड्याले आपल्या गावी येणं जमत नव्हतं. मी नर्स, म्हणून मीच शिकून राह्यली होती. "आधी लिंबावर हात बसवा," ते म्हणाले. ते सुया टोचलेलं लिंबू मी खिडकीत विसरली. माहीच चूक! काकानं पाह्यलं अन् गावभर बोंब ठोकली, "पोरीनं भावावर करणी केली!" बुद्धविहारात सगळ्यांच्या पुढं बसणारा माणूस हा! पाराजवळ जाळ करून माही सुयांची डबी त्यात टाकली. तवापासून सुया बंद, अन् तुही झोपही गेली.

अन् तू काऊन गप्प बसला रे? "मले झोप लागते तिच्यानं," एवढं तरी बोलायचं होतं!

दोन महिन्यांनी त्याच्या पोरीचं लग्न. "काका, फटाके नोका लावू," म्हणून मी पाय धरले. "एका येड्यासाठी वरात मुकी नेऊ काय?" म्हणाला. लड कडाडली. तू धावला. विहिरीले कठडा नव्हता.

आज तोच म्हणते, "दार लावून टोच, लोकं काय म्हणतील?" मी म्हणाली, "दार नाई लागत, काका. बाजाराच्या दिवशी पाराजवळ या. हातात लिंबू धरा. सगळ्यांदेखत बोला, ती करणी नव्हती, अन् पोरगा माह्यापायी गेला." त्याचं तोंड पाहाले पाह्यजे होतं तू! मान खाली घालून "येतो" म्हणाला.

मले कीव आली नाई. खोटं काऊन सांगू?

शब्द देते दादा, सुया नीट लावीन. तो भरदुपारी बाजेवर घोरेल. जागा झाला की जवळ बसून विचारीन, "कशी लागली झोप, काका?" तो म्हणेल, "बेस लागली." मग सांगीन, "दादाले एवढीच पाह्यजे होती."

तुही,
शेवंता