पोकलेनचा स्पीड कोणी काढला

तीर्थरूप आत्या हिला,

तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा कोपरापासून नमस्कार. (हाताला ग्रीस आहे, तेव्हा पायांना हात लावला असं लांबूनच समज.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला कसा आहे? त्यांचं झेरॉक्सचं दुकान कसं आहे, मशीन अजून गिऱ्हाइकाचा कागद खातं का? तुम्हा दोघांना आणि मशीनला उदंड आयुष्य लाभो.

इकडे सगळे मजेत, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. मी समोरच जेवत असतो आणि ते आईला सांगतात, त्याला म्हणावं मीठ सरकव. कारण सांगतो. तुझ्या धाकट्या भावाने, म्हणजे बाबांनी, ट्रक विकून जुना पोकलेन घेतला, हे तुला ठाऊक आहेच. दिसायला झकास. रंग इतका ताजा की टेकून उभं राहिलं की आपली पाठ पिवळी. विकणारा म्हणाला, एकाच हातचं मशीन आहे. (त्या हाताने सीट फाडलीय, आरसा तोडलाय आणि कॅबिनभर च्युइंगम चिकटवलंय, पण हात एकच.) खोदायचं कामही लगेच मिळालं, एका गोदामाच्या पायाचं. ठरलं असं की सुरुवातीला बाबा चालवणार, मी शेजारी उभा राहून शिकणार, आणि मग सीट माझी. आत्या, अख्ख्या शाळेत मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

पण पहिल्याच दिवशी मशीनने अंग टाकलं. इंजिन चालू व्हायचं, आवाज तर असा की आता डोंगर उचलतंय. पण बकेट वर घ्यायला गेलं की आईने पाणी भरायला सांगितल्यावर मी जसा उठतो, तशी ती उठायची. जरा कडक माती लागली की गुदमरून बंद. आणि समोरच्या स्क्रीनवर इंजिनचे फेरे किती, तर शून्य. खाली इंजिन धडधडतंय, वर बाबांचे गाल हलतायत, आणि स्क्रीन म्हणतेय शून्य. गोदामाचा मालक गोड आवाजात म्हणाला की सोमवारपर्यंत असंच राहिलं तर तो दुसऱ्याचं मशीन आणेल.

मग मिस्त्री आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतो आणि चेहरा असा करतो की नातेवाइकांना कळवून ठेवा. त्याने सांगितलं ते असं. इंजिनच्या मागे मोठं दातेरी चाक फिरतं. त्या दातांसमोर अंगठ्याएवढा सेन्सर असतो. एकेक दात समोरून गेला की तो मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो की इंजिन इतक्या जोरात फिरतंय. त्याने काहीच कळवलं नाही तर कॉम्प्युटर घाबरतो आणि बकेट उचलणाऱ्या पंपाला म्हणतो, बाबा रे, हळू. (हे बाबा वेगळे. आपले बाबा कोणाला हळू म्हणत नाहीत.)

सेन्सर काढला तर टोकाला लोखंडाचा चुरा चिकटून चांगली मिशी आलेली. डॉक्टर खूश. मिशी पुसून परत बसवला. शून्य. मग म्हणाला अंतर चुकलंय, दाताला टेकेपर्यंत आत फिरवायचा आणि एक फेरा मागे घ्यायचा. घेतला. शून्य. मग नवाकोरा सेन्सर आणवला. त्याचाही नवाकोरा शून्य. तेव्हा डॉक्टरने स्क्रूड्रायव्हर पुसला, माझ्याकडे बघितलं आणि बाबांना विचारलं, "घरात वायरींना हात लावणारं कोणी आहे का?"

आता मशीन दारात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वायपरच्या बटणाला हॉर्न जोडला होता, हे खरंय. बाबा काच पुसायला गेले आणि समोरचे काका पेपर वाचता वाचता खुर्चीसकट मागे पडले. पण ती करमणूक होती. हे मी केलेलं नव्हतं, आणि नेमकं तेच कोणी ऐकेना. बाबांनी जागेवर निकाल दिला.

"आजपासून या मशीनला हात लावायचा नाही. ताईकडे जा आणि झेरॉक्स काढत बस."

लावायचा नाही म्हटल्यावर मी लावला. ते दोघे चहाला गेले आणि मी सेन्सरपासून वायरीचा माग काढत सीटमागच्या खणात घुसलो. तिथे एक जोड सोडवलेला. दोन्ही टोकांना काळी टेप, आणि टेपचं टोक जरासं दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने पटकन निघावं म्हणून. आत्या, असं टोक जगात एकच माणूस दुमडतो. आमच्याकडे रिमोट, बागेचा पाइप, आईच्या चष्म्याची काडी, सगळ्यांना तसंच टोक आहे.

मग डोक्यात उजेड पडला. बाबांनी जन्मभर ट्रक चालवले. ट्रक हातात आला की पहिलं काम म्हणजे स्पीड अडवणारी डबी शोधून तिची वायर काढायची. इथे जोडावर 'स्पीड' लिहिलेलं दिसलं आणि हात आपोआप गेला असणार. मशीन आलं त्या दिवशी जेवताना म्हणालेही होते, मशीन मोकळं करून टाकलंय, आता बघा कसं पळतं. अगं, ते साखळ्यांवर सरपटतं. परवा एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन त्याच्या पुढून निघून गेली. जातानाही आणि येतानाही.

मी जोड लावला, किल्ली फिरवली. स्क्रीनवर आकडे आले आणि बकेट अशी सटकन उठली की बाबा कप घेऊनच पळत आले. डॉक्टर म्हणाला, नवा सेन्सर जरा वेळ घेतो. मी मूठ उघडून बाबांना टेप दाखवली. त्यांनी टेप बघितली, मग बराच वेळ ढग बघितले. मी कोणाला काही बोललो नाही. (मोठं मन वगैरे नाही. चारचौघांत बोललो असतो तर चारचौघांत थप्पड खाल्ली असती.) तेव्हापासून मिठासाठी आई मध्ये लागते. काम सुरू आहे, पण निकाल काही फिरलेला नाही. माझी बॅग भरून दाराशी ठेवलीय.

असो. आतोबांना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझा निर्दोष भाचा

ता.क. तुझी फार आठवण येते, पण राहायला यावं इतकी नाही. तेव्हा बाबांना फोन करून सांग की दुकानात जागा नाही. पाहुणे आलेत म्हण, ढेकूण झालेत म्हण, काहीही म्हण. तुझ्याशिवाय ते कोणाला घाबरत नाहीत.

आणखी एक ता.क. वायरीचं त्यांना काही बोलू नकोस. बोललीसच तर सावकाश बोल, मी दाराआड असेन.

शेवटचा ता.क. ताई, हे मी लिहितोय. पोराने पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं, तेही उघडं. चुकून की मुद्दाम, ते तू ओळख. बॅग रिकामी केली. सकाळपासून सीटवर तोच आहे. खड्डा सरळ काढतो, मान्य. पण मी खाली उभा राहून हात करतो तिकडे ढुंकून बघत नाही, उलट मलाच बाजूला व्हा म्हणतो. दुकानात जागा असेल तर खरंच कळव. मी येतो.