गिरणीच्या गाळ्यातली कॉफी

१५ सप्टेंबर, सोमवार

आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकीचं. जितेशची कंबर कशी आहे? बरी म्हणायची, आज गाडीला स्वतःच किक मारली. सूनबाईचं, सोनालीचं डोकं? दुखतंच, पण बोलत नाही. नातवाचा, रुद्रचा खोकला? गेला एकदाचा. खोपोलीला आमच्या सुरेखाच्या सासूबाईंचा गुडघा? सूज उतरली म्हणाली फोनवर. आणि अंबाबाई, तुमचं कसं काय? माझं काय असायचंय! जिने चढते, भाकरी थापते, रोजनिशी लिहिते. चाललंय.

आता बाकीचं. खाली गिरणीच्या गाळ्यात आज कॉफीचं दुकान उघडलं. पितृपंधरवड्यात! आख्ख्या दहिवलीत या दिवसांत कोणी नवा झाडू आणत नाही आणि ही बाई दुकान उघडते. नारळ नाही, पूजा नाही, दाराला एक लिंबू-मिरचीसुद्धा नाही. सकाळी शटर वर केलं, संध्याकाळी खाली ओढलं. झालं उद्घाटन.

जितेशला म्हटलं, कोण आहे ही? तर म्हणे रूपाली नाव आहे, खालापूरकडची. आधी माथेरानला हॉटेलात कॉफी करायची. एवढंच. भाड्याने देताना मला विचारलं नव्हतंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गाळ्याला पुढून सगळी काच बसवली. आतून काळा रंग. भिंती काळ्या कोणी करतं का? ह्यांची गिरणी होती तेव्हा भिंती पिठाने कशा पांढऱ्याशुभ्र असायच्या. बायका डबे लावून ओट्यावर बसायच्या, निम्म्या दहिवलीची खबर इथं दळून निघायची. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं मी डब्यांवरची नावं वाचून पक्की केली. कुणाचा डबा कुठला, कुणाच्यात ज्वारी संपून तांदूळ आला, सगळं कळायचं. आता काचेतून नुसतं एक यंत्र दिसतं. फुसफुसतं.

गिऱ्हाईक फार नाही. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या थांबतील म्हणे. समोरचे धोंडीभाऊ आत जाऊन भाव बघून आले. एका कपाच्या पैशात त्यांच्या घरचं सगळं बिऱ्हाड चहा पिऊन वर बटर खाईल. मग म्हणाले, "वहिनी, यवढ्या म्हाग कॉफीवर दुकान चालत नाय. आतलं काम निराळं असणार."

मलाही तेच वाटत होतं. मी बोलले नव्हते एवढंच.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. तिच्याकडे काही नाही. देवाचा फोटो असेल म्हणून काचेला नाक लावून पाहिलं. नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

संध्याकाळी आळीतली सगळी सोनं वाटायला निघाली. सोनाली तिच्याही दुकानात गेली. मी जा म्हटलं नव्हतं, पण गेली. आपट्याची पानं पुढे केली तर त्या बाईने हात जोडले, पानं घेतली नाहीत! "मला नको ताई, राहू दे," म्हणाली. सोनाली तोंड एवढंसं करून परत आली.

दसऱ्याचं सोनं नाकारलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. भांडलेल्या जावासुद्धा त्या दिवशी पान घेतात.

धोंडीभाऊंनी निकाल दिला — "आपल्यातली नाय ही. नाव बदलून आलीय." शेजारच्या दशरथच्या बायकोने नाव आणि गाव दोन्ही खोटी ठरवली. मी म्हटलं, उगाच कुणाला काही म्हणू नये. म्हटलं खरं. पण घरी आल्यावर दाराची आतली कडी दोनदा तपासली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज कळलं!

दुपारी गॅलरीत वाळवण उलटत होते. खाली एक माणूस टेप घेऊन आपल्या घराची पुढची बाजू मोजत होता. गाळ्यापासून थेट धोंडीभाऊंच्या कुंपणापर्यंत. मग मागे गेला, विहिरीकडे. मोबाइलवर फोटो काढले. वर बघितलं, मला बघून खाली मान घातली. आणि नंतर कुठे गेला? कॉफीच्या दुकानात! त्या बाईने त्याला कप दिला. दोघं बोलत उभी होती.

कॉफी-बिफी काही नाही. ही जमिनीची माणसं. स्टेशनपासून इथवर जुनं घर म्हणून राहिलं नाही, सगळीकडे बिल्डिंगी. आधी भाड्याने एक माणूस आत शिरवायचा, मग घर गिळायचं. आणि घर कुणाच्या नावावर? माझ्या. ह्यांनी जाताना माझ्या नावावर केलं होतं, तुला कोणी ऊठ म्हणू नये म्हणाले होते.

जितेश आला तेव्हा सगळं सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला. असा बसत नाही हल्ली. म्हणाला, "आई, तू म्हंतेस ते खोटं नाय. दिवस वाईट हायत. तू कुठंच सही करू नको गं. कोण गोड बोलून कागद पुढं करील, तुला कळणार पण नाय."

मला वाचता येतं, म्हटलं. तर म्हणाला, त्यांची भाषा वकिलांना पण कळत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

झोप नाही. धोंडीभाऊंनी आणखी एक ऐकवलं. नेरळकडच्या कुठल्याशा म्हातारीला औषधाच्या दुकानात नेतो म्हणून नेलं आणि घरच लिहून घेतलं. खरं-खोटं देव जाणे. पण सांगताना त्यांचाही आवाज कापरा झाला होता.

आज जिन्यात ती भेटली. हसली. "आज्जी, या ना खाली, कॉफी पाजते." मी नाही म्हटलं. कपात काय घालतील आणि अंगठा कशावर उमटवतील!

७ ऑक्टोबर, मंगळवार

मीच वाट काढली. जितेशला म्हटलं, माझ्या नावावर घर आहे म्हणून सगळे माझ्यावर टपले आहेत. नावावर काही नसलं तर म्हातारीकडून काय लिहून घेणार? घर तुझ्या नावावर करून टाक.

तो नको म्हणाला. दोनदा नको म्हणाला. मग म्हणाला, तू म्हणतेस तर करू. सुरेखाला विचारू का, म्हणाला. मी म्हटलं, तिचा संसार तिकडे, तिला कशाला घोर. नंतर सांगू.

लेक कसा, पोटचा आहे. त्याचे डोळे पाणावले होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कर्जतला रजिस्टर ऑफिसात जाऊन आले. बक्षीसपत्र म्हणतात त्याला. फोटो काढला, बोटं यंत्रावर ठेवली, सही केली. अंबाबाई — चांगली ठसठशीत केली. साहेबांनी विचारलं, आजी, खुशीने देताय ना? म्हटलं, अगदी खुशीने.

येताना जितेशने वडा-पाव खाऊ घातला आणि बाटलीतलं गार पाणी. दुकानासमोरून आलो तेव्हा ती काच पुसत होती. मी मुद्दाम ताठ मानेने गेले. आता बस मोजत!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शांत झोप लागली. उठले तर दूधवाला येऊन गेलेला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

सगळी आळी उजळली. तिची काच अंधारी. पणती नाही, रांगोळी नाही, कंदील नाही. सोनालीने घरोघर फराळाची ताटं दिली. तिच्याकडे देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. दसऱ्याला हात जोडलेन, आता काय पायघड्या घालायच्या?

तिच्याकडूनही कुणाकडे काही आलं नाही. आळीने ते बरोबर टिपलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सुरेखा आली, ओवाळून गेली. जितेशने तिला भारी साडी घेतली. एवढी भारी कधी घेत नाही. घराचं आज सांगायचं होतं, पण दोघं इतकी हसत होती, म्हटलं राहू दे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार



सकाळी दळण आणून परतले तर ती दुकानाच्या मागच्या पायरीवर बसली होती. डब्यात चपाती आणि वांग्याची भाजी. दिवाळीत! मला राहवलं नाही. म्हटलं, काय गं, तुमच्यात दिवाळी नसते का?

उभी राहिली. "असती की आज्जी. पण आईचं वर्ष व्हायचंय अजून. आषाढात गेली."

डोक्यावरची पिशवी खाली ठेवली मी. तिथंच पायरीवर बसले.

म्हणजे तसं आहे होय! नारळ नाही, पूजा नाही, आपट्याचं पान नाही, पणती नाही. घरात माणूस गेलं तर वर्षभर सण करत नाहीत. आमच्याकडे हेच, तिच्याकडे हेच, चार कोसांवर हेच. एवढं समोर दिसत होतं आणि आख्ख्या आळीत एकीच्याही डोक्यात शिरलं नाही. गाळ्याचं बोलणं आई असतानाच झालं होतं, भाडं सुरू झालं म्हणून शटर वर केलं, मुहूर्त कुठला बघायचा, म्हणाली. आईला कॉफी आवडायची नाही, म्हणायची जळकं पाणी. हे सांगताना हसली.

आणि अशा घरी फराळ करायचा नसतो, तो आळीने नेऊन द्यायचा असतो! ज्या घरी चूल गोड होत नाही तिथं शेजारणींनी आधी ताट पोचवायचं. माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी माझ्या घरात चकल्यांचे डबे ठेवायला जागा नव्हती. आणि मी हिचं ताट अडवलं.

वर आले. मोठं ताट भरलं. लाडू, करंज्या, चकली, चिवडा, सगळं. डोक्यावर पदर घेतला आणि आळीला दिसेल अशी पुढच्या दारातून गेले. तिने ताट दोन्ही हातांनी घेतलं. चकली मोडून तोंडात टाकली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मीही यंत्राकडे बघत बसले.

मग तिने कॉफी दिली. कडू. तिची आई खरंच बोलायची. पण संपवली.

मनातलं विचारूनही टाकलं, तो टेपवाला कोण होता गं? ती म्हणाली, "मला काय ठावं, जितेशदादांनी धाडला होता. पाणी मागायला आला, मी कॉफी दिली." गटाराचं माप घेत असेल. मागे तुंबतं ते, नगरपालिकेत अर्ज द्यायचा म्हणत होता जितेश.

धोंडीभाऊंनाही सांगितलं. ते खजील झाले. संध्याकाळी त्यांच्या सुनेने अनारसे नेऊन दिले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रूपाली ताट द्यायला वर आली. घरात मी एकटी. दारातच म्हणाली, "आज्जी, मला मार्चमधी गाळा सोडायला सांगितलाय. दादा म्हणाले, सगळं पाडून बिल्डिंग उठणार. मी बघीन कुठंतरी. पण तुमी कुठं जाणार राहायला?"

मी म्हटलं, बघू.

ती गेल्यावर सुरेखाला मोबाइलवर लिहून पाठवलं. फोन केला असता, पण सोनाली यायची वेळ झाली होती. इथं उतरवून ठेवते —

'सुरेखा, तुम्ही सगळे बरे आहात ना? मी बरी आहे. तुझे दीर कोर्टात वकिली करतात, त्यांना एवढं विचार की बक्षीसपत्र करून दिलेलं घर आईला परत मागता येतं का. जितेशला यातलं काही कळू देऊ नकोस. तो घरात असताना फोन करू नकोस. लिहूनच पाठव. लवकर पाठव.'