पिठातल्या तीन रेघा

देऊळघाट, सोमवार, संध्याकाळ

हे गेल्यावर दहाव्याच्या रात्री दिव्यापाशी ज्वारीचं पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, ते सकाळी पिठात उमटतं म्हणतात. तीन बारीक रेघा निघाल्या. "चिमणी झाले भाऊजी," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी हात जोडले. मीही.

आज वाचनालयातलं उत्क्रांतीचं पुस्तक संपलं. फार फार मागे गेलं तर माणूस आणि पाखरू एकाच पूर्वजाचे. वाचून जीव हलका झाला, खोटं कशाला लिहू. म्हणजे देवाचं आणि पुस्तकाचं जुळतं की! तशीच उठून जाऊबाईंना सांगायला गेले.

त्या भाकरी थापता थापता हसल्या. "तेच तं सांगून राह्यली मी तुले तवापासून! तुह्या पुस्तकाले आता समजलं काय वं?"

मलाही हसू आलं. ते घरी येईपर्यंतच टिकलं. पुस्तकात लाखो वर्षं जातात, पण मेलेलं कुणी परत येत नाही. चिमणी चिमणीच्याच पोटी येते. मग त्या तीन रेघा? टोपल्याच्या काड्यांच्याही असतील.

आणि जाऊबाईंचं खरं धरलं तरी काय? मघाशी अंगणात कण्या टाकल्या. चिमणी आली, टिपून उडून गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

शहाणी माणसं दोन्ही जुळवतीलही. पण एकात हे कुठेच नाहीत, आणि दुसऱ्यात मला ओळखत नाहीत.