न घेतलेलं माप

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. छकुलीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे बाईसाहेब सध्या तोंडावर हात ठेवून हसतात.

एक सांगायचं राहिलं. माझं काम सुटलं. एका दुकानाच्या दर्शनी काचेचं माप चुकलं. काच कापून बसवायला नेली तर चौकटीत जाईना. आमचे मालक ओरडतच कारखान्यात आले, माप कोणी घेतलं म्हणून. मी म्हटलं, माझी चूक. गेल्या सोमवारचं माप होतं, घाईत झालं असेल. दुसरं काम बघतोय. भावोजींना एवढ्यात सांगू नकोस, ते उगाच जिवाला लावून घेतील.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, त्या सोमवारी तू सुट्टी काढून माझ्याकडे आला होतास! दिवसभर माझ्या मोरीत पालथा पडून नळ दुरुस्त करत होतास. माप कुठून घेतलंस, नळातून?

आधी तुझा संताप आला, मग डोळ्यांत पाणी. बाबा ओरडत घरात शिरले की काय झालंय हे कळायच्या आत तू पुढे व्हायचास आणि मी केलं म्हणायचास. कबूल केलं की मार लवकर संपतो, हे तू शाळेत जायच्या आधीच शिकलास. आईची फुटलेली बरणी, माझी हरवलेली छत्री, सगळं तुझ्याच नावावर.

आमच्या हॉस्पिटलात, माझ्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, जे मूल रोज भीत भीत जगतं, त्याचा मेंदू त्या भीतीतच घडतो. पुढे नुसता कुणाचा आवाज चढला तरी आत धोक्याची घंटा वाजते. शरीर जुनंच करून मोकळं होतं आणि विचार मागून धापा टाकत येतो. त्याला भित्रेपणा म्हणायचं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. माझंच बघ. कुणी जरा मोठ्याने बोललं की मी भांडायलाच उठते, वॉर्डातल्या सगळ्या नर्स मला वचकून असतात. एकाच घरातली आपण दोघं. पण मेंदू नवंही शिकतो म्हणे, फक्त हळूहळू, आणि सोबत कुणीतरी लागतं.

मालकांकडे जा आणि खरं सांग. मी येऊ का बरोबर? मी आले तर कारखान्यात एक काच शाबूत राहणार नाही, म्हणून आधी विचारते.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून हिंडत होतो, पण जायचा धीर होईना. परवा छकुलीच्या आईच्या हातून ताट पडलं. छकुली पलीकडच्या खोलीत चित्र काढत बसली होती. तिथूनच ओरडली, माझी चूक! ताई, मी लेकीवर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. ती मला बघून शिकली.

काल गेलो. मालकांना सांगितलं, की माप मी घेतलं नाही, त्या दिवशी मी नव्हतोच. त्यांनी हजेरी बघितली. मग कबूल का केलंस, असं विचारलं. मी खिशातलं तुझं पत्र चाचपलं. म्हणाले, तुझी जागा भरली, पण दुसरीकडे शब्द टाकतो. मग माझ्या मागच्या फळीवरचा ग्लास घ्यायला त्यांनी हात वर केला, आणि मी दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकलो. पन्नाशीला आलेला माणूस मी. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, पण माझ्या हातांना ते अजून माहीत नाही. मालकांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी मला बसवलं आणि पाणी दिलं.

घरी आल्यावर छकुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, ताट तू पाडलं नव्हतंस, तुझी काही चूक नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत लगेच हो म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, ताई. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

तू ये. भावोजींना सांगितलंस तरी चालेल.

माझ्यावर लोभ आहेच, तेवढाच तिच्यावरही असू दे.

तुझा,
धाकटा