हानबाईंच्या आईची तिकिटं

प्रिय शुभ्रा,

तुझं अबुधाबी इथून गाडीने दीड तासावर, रोज आपला फोन होतो आणि तरी मी पत्र का लिहितेय म्हणून चक्रावशील. तोंडाने सांगायला बसले तर मी स्वतःचीच बाजू मांडत बसेन, माझी खोड मला माहीत आहे. अक्षर लागलं नाही तर विघ्नेशकडून वाचून घे. जावयासमोर अब्रू गेली तरी चालेल.

गेल्या आठवड्यात शाळेतून मुख्याध्यापिका हिबा मॅडमचा फोन आला. शाळेला पंचवीस वर्षं होतायत, 'ओन्ली इंग्लिश' मोहिमेबद्दल माझा सत्कार करायचाय, यल्ला, चला, नाही म्हणू नका. निवृत्त बाईला आणखी काय हवं! मी इतकी फुगले की समोरच्या फ्लॅटमधल्या हानबाईंना चहाला बोलावलं. त्या कोरियन, माझ्याच वयाच्या, कोबीची तिखट किमची देऊन डबाभर पोहे नेणाऱ्या. त्यांना मी सगळं रंगवून सांगितलं. जो मुलगा घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात लाल पट्टी, त्याने दुसऱ्याला पकडून दिलं की पट्टी त्या दुसऱ्याकडे, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. कल्पना माझी होती, हेही दोनदा सांगितलं.

हानबाईंनी कप खाली ठेवला. कोरियावर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांची आई शाळेत होती. हजेरीला घरचं नाव नाही, जपानी नाव. शेतातला तांदूळ जपानला, घरातल्या पितळी वाट्या-चमचे लढाईसाठी जप्त. आणि दर सोमवारी प्रत्येकीच्या हातात दहा तिकिटं. तोंडून कोरियन शब्द निघाला की ऐकणारीने एक तिकीट काढून घ्यायचं, शनिवारी ज्यांची संपली त्यांनी संडास घासायचे. या नऊ-दहा वर्षांच्या पोरीने आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने काय करावं? सगळ्यांदेखत आळीपाळीने एकमेकींना पकडायचं. हिचं तिकीट तिला, तिचं हिला, शनिवारी दोघींकडे दहाच्या दहा. बाकी वेळ नदीवर धुणं धुताना पोटभर कोरियन. एकीने चुगली केली तेव्हा मास्तरने दोघींना समोरासमोर उभं केलं आणि एकमेकींच्या थोबाडीत मारायला सांगितलं. दोघींनी हात उचलला नाही. मग त्याने पोटऱ्यांवर छड्या ओढल्या. ते वळ हानबाईंनी लहानपणी पाहिले आहेत.

शुभ्रा, त्या मास्तराच्या डोक्यावर सरकार तरी होतं. माझ्यावर कोण राज्य करत होतं? मुलांचं भलं म्हणत मी त्यांच्या आयांच्या भाषेला घाणीसारखं वागवलं, एवढ्याएवढ्या पोरांना चुगलखोर केलं आणि वर त्याचं कौतुक चहाबरोबर वाढत होते. थू! स्वतःचीच किळस येते, चार दिवस आरशात बघवत नाही.

सत्काराला येणार नाही असं कळवलं, का तेही लिहिलं. पण हे पत्र त्यासाठी नाही. तू माझ्याच शाळेत तिसरीत होतीस. मैदानात पडलीस, गुडघा फुटला आणि 'आई गं' म्हणत माझ्याकडे धावत आलीस. बाकीच्या शिक्षिका बघत होत्या. मी आधी तुझ्या गळ्यात पट्टी घातली आणि मग रक्त पुसलं. त्या दिवसापासून तू मला मॉम म्हणतेस, आणि पोरगी एका दिवसात सुधारली म्हणून मी ते लोकांना मिरवून सांगायचे. तू ती पट्टी कुणालाच दिली नव्हतीस. शाळा सुटेपर्यंत घालून बसलीस, शिक्षाही घेतलीस. हे इतक्या वर्षांनी मला परवा आठवलं. मला माफ कर. जमणार नसेल तर तसं सांग, इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. आता मी कुणाच्या गळ्यात काही घालणार नाही.

तुझीच,
मॉम