सार्दानाचं सुकाणू बर्फात आहे

खोमो, लेना नदीकाठ
४ एप्रिल

प्रिय तेरेंती भावजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही आणि जाऊबाई खुशाल असाल.

आधी बातमी सांगते. आपली बोट 'सार्दाना' फुटलेली नाही. काल मुकादम निकिफोर स्वतः खाली उतरले, पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोचा पडलाय, चीर नाही." तुम्ही तिला भंगार म्हणून शहरात निघून गेलात, तो विषय आज नको.

यंदा नदी लवकर गोठली. बोट आतल्या बंदरात नेता आली नाही, उघड्या काठालाच अडकली. मग तुमच्या दादांनी नेहमीसारखं मागच्या बाजूचं बर्फ फोडायला घेतलं. ते काम तुम्हाला मी काय सांगणार? थोडं फोडायचं, तळाला वीतभर राखायचं, थंडीने ते खालून जाड झालं की पुन्हा फोडायचं. असं करत बोटीच्या पंख्यापर्यंत आणि सुकाणूपर्यंत पोचायचं, म्हणजे ते बर्फातून मोकळे होतात.

फेब्रुवारीत तळ फुटला. खड्डा पाण्याने भरला आणि पंखा-सुकाणू दोन्ही त्यात गोठून बसले. दादा वर आले ते मांडीपर्यंत भिजून. पाय शाबूत आहेत, काळजी नको. म्हणाले, "खालून प्रवाहाने बर्फ खाल्लं." सगळ्यांनी मान डोलावली.

निकिफोरांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "अकुलिना, स्पिरिडोन घाव घालण्याआधी ठोकून बघत नाही का हल्ली?"

ठोकतात, भावजी. मी काठावर उभी होते. कुदळीच्या पाठीने तीनदा ठोकलं. पोकळ आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. ते मात्र मान हलवून, "भरीव आहे," म्हणाले आणि घाव घातला.

एवढी वर्षं इंजिनाच्या खोलीत काढली, दुसरं काय होणार? घरी मी बोलते तेव्हा माझ्या ओठांकडे बघतात. दार वाजलं की कुत्रा उठतो, मग हे उठतात. मी कुणाला सांगितलेलं नाही. निकिफोरांनाही "थकलेत" एवढंच मी म्हटलं.

आता खरी भीती पुढे आहे. पाणी चढलं की बर्फ वर उचललं जाईल. सुकाणू त्यात पकडलेलं राहिलं तर बोटीचा मागचा भाग उपटून निघेल. म्हणून दादा पुन्हा खड्डा खणताहेत, आणि नदी फुटेल तेव्हा काठाला बांधलेली साखळी सैल करायला बोटीवरच थांबणार आहेत. एकटे. निकिफोर म्हणाले, "अरे, बोट जाऊ दे, तू काठावर ये." तर म्हणतात, "बर्फ हलायच्या आधी ओरडतं. ओरडलं की उडी मारेन."

ते ओरडणं यांना कसं ऐकू येणार, भावजी?

मी त्यांना थेट बोलू शकले नाही. त्यांच्या कानांविषयी बोलणं म्हणजे त्यांना नदीवरून उठवणं. मग परवा जेवताना मी खोटं बोलले. "तेरेंती भावजी येताहेत," म्हटलं.

"कोण?"

"तेरेंती भावजी! मदतीला!"

"ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" म्हणाले, आणि माशाचा काटा काढत बसले. तो ताटाच्या कडेला ठेवून म्हणाले, "आला तर त्याला कुदळ देणार नाही. त्याने नुसतं उभं राहून सांगावं."

काय सांगावं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांना माहीत आहे, भावजी. फक्त माझ्याकडून ऐकायचं नाही. तुमच्याकडून ऐकतील की नाही, सांगता येत नाही. पण तुम्ही शेजारी उभे राहिलात तर तुमच्या हातांच्या खुणांकडे बघतील, एवढं मला कळतं.

बोट वाचवायला या असं मी लिहीत नाही. ती गेली तर जाऊ दे.

गोठलेल्या नदीवरचा रस्ता सध्या गाड्यांचं वजन पेलतोय. निकिफोरांच्या अंदाजाने एप्रिल संपता संपता तो बंद करतील. त्यानंतर नदी फुटेपर्यंत इकडे कुणाला येता येणार नाही. मेच्या मध्यावर वरच्या अंगाने बर्फ सुटेल, आणि दादा तेव्हा साखळीपाशी उभे असतील.

तुम्ही याल असं मी त्यांना सांगून बसलेली,
तुमची वहिनी
अकुलिना