होडी पाण्यात दाखवा

२३ जुलै १९५६

पुन्हा नाही! इद्दतीचे, नवऱ्यामागं घरात बसायचे दिवस संपल्यापासून ही चौथी खेप. तरीतून खाडी ओलांडायची, कचेरीच्या ओट्यावर ताटकळायचं आणि भिजून घरी यायचं. होडीचा परवाना यांच्या नावाचा. ते रजब महिन्यात वारले, म्हणून परवानाही संपला म्हणे. नवा मालक, नवी तपासणी.

कारकून म्हणतो, "बाई, होडी पाण्यात दाखवा." म्हटलं, पावसाळ्यात सगळ्यांच्याच होड्या वर ओढून झावळ्यांखाली असतात. लोटते पाण्यात, या बघायला. तर म्हणे, "परवान्याशिवाय लोटलीत तर जप्त होईल."

मग दाखवू कशी?

"तो प्रश्न आमचा नाही."

माझा आहे ना!

२५ जुलै

दीर अयूब आमचा तांडेल. सुकाणू त्याच्याच हातात. जेवताना मान खाली घालून बोलला, "भाभी, नारळी पुनवेपातुर परवाना नाय झाला तर मी मुंबयला जातंय. गोदीत काम हाय."

घरातला शेवटचा पुरुष. तो गेला की होडी विकायची आणि मी लोकांचं भात कांडत बसायचं. नाही विकणार!

२६ जुलै

होडी पाण्यात न्यायला बंदी. पाणी होडीकडे आणायला बंदी आहे का?

२८ जुलै

कारकुनाला ओलांडून थेट साहेबांनाच गाठलं. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. चष्मा काढला. "तसं कुठं लिहिलेलं दिसत नाही, बाई."

हसू दाबलं. म्हटलं, अवसेच्या उधाणाला या.

४ ऑगस्ट

चार दिवस खाडीपासून होडीपर्यंत चर खणतोय — मी, शेजारची झुबेदा, तिच्या दोघी मुली. दीड हातावर कातळ लागला. हात सोलवटले. अयूब लांबून बघून गेला, "येड लागलाय तुमाना." दुपारी आपणहून पहार घेऊन आला.

६ ऑगस्ट

आले! साहेब आले! साडेअकराला भरतीचं पाणी चरातून होडीखाली शिरलं. होडी टेक्यांवरून सुटली, जराशी डुलली. साहेब विजार दुमडून गुडघाभर पाण्यात, कारकून कागद डोक्यावर धरून. "तरंगते," साहेबांनी लिहिलं.

मी सगळ्यांसमोर रडले. यांची फार आठवण आली.

१६ ऑगस्ट

कागद वरच्या सहीला गेलाय. वर म्हणजे कुठे, कारकुनालाही ठाऊक नाही. रोज जाणार. रोज विचारणार.

२१ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सगळ्यांच्या होड्या सुटल्या. आमची झावळ्यांखाली.

२३ ऑगस्ट

अयूब सकाळच्या गाडीनं गेला. "माफ कर, भाभी." त्याला काय माफ करायचं? त्यानं वाट पाहिली तेवढी पाहिली.

२४ ऑगस्ट

परवाना आला. मालक — हफीजा. खाली तांडेलाच्या नावाची ओळ कोरी. शेजारी छापलंय, "मालकाने भरावी."

दौत काढली. तिथंही माझंच नाव लिहिलं. उद्या पहाटे लोटायची.